एकाहत्तर हजार डुप्लिकेट, पण ठेवायची कोणती प्रत?

कोथरूडच्या एका ताईंनी विचारलं आहे: वडील जाऊन दीड वर्ष झालं. २००४ पासून त्यांनी काढलेले आणि जमवलेले फोटो दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क, एक जुना डेस्कटॉप, एक लॅपटॉप, चाळीसेक सीडी, काही पेनड्राइव्ह आणि त्यांचा फोन असे विखुरलेत. सगळं मिळून १ लाख ८६ हजार फायली, सुमारे १.४ टीबी. डुप्लिकेट शोधणारं सॉफ्टवेअर चालवलं तर ते ७१ हजार फायली काढायला सांगतंय. 'सगळं सिलेक्ट करून डिलीट करू का? आणि उरलेल्याची मांडणी कशी करू?' सोबत त्या यादीचा एक स्क्रीनशॉट आहे.

ताई, डिलीट दाबू नका. सॉफ्टवेअर चुकलेलं नाही. त्या ७१ हजार फायली बहुतेक खरंच जादा प्रती असतील. प्रश्न वेगळा आहे, आणि तो तुमच्या स्क्रीनशॉटमध्येच दिसतोय. वरून चौथा गट बघा. डीएससी_०४१२ हा एकच फोटो तीन ठिकाणी आहे: 'नवीन २' मध्ये, 'जुना पीसी सगळं' मध्ये, आणि 'माई बरी झाल्यावर पर्वती' या फोल्डरमध्ये. सॉफ्टवेअरनं पहिली प्रत ठेवलीय आणि उरलेल्या दोन्हींवर काढण्याची खूण केलीय. संगणकाच्या लेखी तिन्ही प्रती तंतोतंत सारख्या आहेत. पण माई आजारी होत्या, त्या बऱ्या झाल्यावर घरचे पर्वतीवर गेले, ही गोष्ट फोटोत कुठेही नाही. ती फक्त तिसऱ्या फोल्डरच्या नावात आहे, आणि ते नाव तुमच्या वडिलांनी स्वतः टाइप केलंय. ती प्रत गेली तर फोटो राहील, पण तो कशाचा हे सांगणारं कोणी उरणार नाही.

हे मी इतक्या आग्रहानं सांगते कारण हे माझ्या हातून झालेलं आहे. पंधराएक वर्षांपूर्वी मी मावशीच्या घरचे फोटो लावायला घेतले. डुप्लिकेट शोधले, 'ज्या प्रतीचा पत्ता सगळ्यांत छोटा ती ठेव' असा पर्याय निवडला (पत्ता म्हणजे फाईल ज्या फोल्डरांत आहे त्यांची ओळीनं लिहिलेली नावं), आणि नंतर रिकामे झालेले फोल्डरही काढून टाकले. एकही फोटो गेला नाही. पण मावशीनं फोल्डरांना लांबलचक नावं दिली होती, कोण कुठे बसलंय, कोणाची सून, कोणाचं केळवण, सगळं त्या नावातच. तिच्या फोल्डरांचा पत्ता लांब म्हणून नेमक्या तिच्याच प्रती गेल्या. वाड्याच्या चौकात बसलेल्या अकरा बायकांचा एक फोटो आमच्याकडे आहे. त्यातल्या दोघी आम्ही ओळखतो. मावशीला विचारायला गेले तोवर तिला आठवेनासं झालं होतं.

आता क्रमानं सांगते.

सगळ्यांत आधी फोटोंना हात न लावता एक काम करा: वडिलांचा फोन नंबर चालू ठेवा, रिचार्ज चुकवू नका. त्यांच्या फोनमधले फोटो गुगल फोटोजवर जात असतील तर खात्यात शिरायला ओटीपी बहुधा त्याच नंबरवर येणार. दोन वर्षं कसलाही वापर नसलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचं धोरण गुगलनं २०२३ मध्ये आणलं. तुमचं दीड वर्ष गेलंय, म्हणजे हे याच महिन्यात बघायला हवं. खातं उघडत असेल तर 'गुगल टेकआउट' वापरून सगळे फोटो उतरवून घ्या. उघडत नसेल तर दिवंगत व्यक्तीच्या खात्यासाठी वारसांनी करायच्या विनंतीचा फॉर्म गुगलकडे आहे, तो भरा. टेकआउटमध्ये फोटोंच्या शेजारी जेसॉन नावाच्या छोट्या फायली येतात, त्या कचरा समजून काढू नका. फोटो कधी काढला, वडिलांनी खाली काय लिहिलं, हे त्यांत असतं.

मग कॉपी. ४ टीबीच्या दोन नव्या डिस्क घ्या. जुन्या डिस्कला आधी 'क्रिस्टलडिस्कइन्फो' लावून तब्येत बघा. तिथे 'कॉशन' किंवा 'बॅड' दिसलं, किंवा डिस्कमधून टकटक असा आवाज येत असला, तर तिच्यावर डुप्लिकेटचं सॉफ्टवेअर मुळीच चालवू नका. असं सॉफ्टवेअर फाईल न् फाईल वाचतं, आणि मरायला टेकलेल्या डिस्कला ते झेपत नाही. आवाज येत असेल तर डिस्क बंद करून थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या. नुसता 'कॉशन' असेल तर तिच्यावरचं जे दुसरीकडे कुठेच नाही ते आधी उतरवा. कॉपी 'टेराकॉपी'सारख्या साधनानं करा. त्यातला 'व्हेरिफाय' पर्याय चालू केला की ते कॉपी झालेली फाईल पुन्हा वाचून मूळ फाईलशी ताडून बघतं. यूएसबी ३ वर सेकंदाला १०० एमबी धरले तरी १.४ टीबीला चार तास लागतात, लहान फायली लाखांत असल्या की त्याहून बरेच जास्त. जुन्या डेस्कटॉपचं यूएसबी २ असेल तर अख्खी रात्र. गुरुवारी वीज जाणाऱ्या भागात राहत असाल तर बुधवारी रात्री हे काम लावू नका.

सीडींचं काम डिस्कच्याही आधी उरका. २००५-०६ च्या सुमारास फोटो लॅबवाले रोलबरोबर सीडी देत, त्यांतल्या कित्येक आता अर्ध्यापर्यंतच वाचल्या जातात. एका ड्राइव्हवर वाचली नाही म्हणून टाकून देऊ नका, दुसऱ्या ड्राइव्हवर अनेकदा वाचली जाते. बाहेरून लावायचा डीव्हीडी रायटर तापकीर गल्लीत अजून मिळतो. पुसायची झाली तर मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. प्रत्येक सीडीवर मार्करनं जे लिहिलंय त्याच नावाचा फोल्डर करा, आणि कव्हरचाही एक फोटो काढून त्यातच ठेवा.

दोन्ही नव्या डिस्कवर सगळं जसंच्या तसं उतरलं की एक डिस्क बंद करून घराबाहेर द्या, भावाकडे चिंचवडला, मैत्रिणीकडे, कुठेही. जुन्या डिस्क कपाटात. पुढचं सगळं काम दुसऱ्या नव्या डिस्कवर. हे होईपर्यंत एकही फाईल काढायची नाही, हलवायची नाही, नाव बदलायचं नाही.

कॉपी करताना सगळं एकाच फोल्डरमध्ये ओतायचा मोह होतो. तो आवरा. कॅमेऱ्याचा क्रमांक ०००१ पासून ९९९९ पर्यंत जातो आणि पुन्हा ०००१ वर येतो. वडिलांनी एका कॅमेऱ्यावर ११ हजार फोटो काढले असतील तर पहिले हजार क्रमांक दोनदा आलेत, शिवाय दुसऱ्या कॅमेऱ्याचेही तेच क्रमांक. विंडोज विचारतं 'रिप्लेस करू का', आपण घाईत 'हो' म्हणतो, आणि मुंजीच्या फोटोवर महाबळेश्वरची सहल बसते. नाव सारखं म्हणजे फोटो सारखा, असं कधीही धरू नका. प्रत्येक ठिकाणाहून आलेलं त्याच्या त्याच्या फोल्डरमध्ये राहू दे: 'काळी डिस्क', 'निळी डिस्क', 'डेस्कटॉप', 'फोन'.

डुप्लिकेट तीन प्रकारचे असतात आणि तिघांना वागणूक वेगवेगळी द्यावी लागते. पहिले तंतोतंत सारखे. फाईलमधल्या सगळ्या आकड्यांवरून एक ठसा काढतात, त्याला हॅश म्हणतात. एक बाइट जरी वेगळा असला तरी ठसा पार बदलतो. नाव, फोल्डर, तारीख यांचा त्याच्याशी संबंध नसतो. ठसा जुळला की फोटो तोच, इथे यंत्रावर पूर्ण विश्वास ठेवा. 'चकावका' आणि 'डूपगुरू' ही दोन्ही मोफत साधनं हे चोख करतात. आणि दोन्हींत तुमच्या कामाची एक सोय आहे: एखादा फोल्डर 'रेफरन्स' म्हणून नेमता येतो. त्यातली प्रत कधीच काढली जात नाही, बाहेरच्याच काढल्या जातात.

म्हणून आधी एक संध्याकाळ फक्त फोल्डरांची नावं वाचत बसा. 'नवीन', 'नवीन २', 'जुना पीसी सगळं', 'खरं बॅकअप', १००निकॉन ही मुकी नावं. 'माई बरी झाल्यावर पर्वती', 'एकसष्टी', 'सातारा शेवटची भेट' ही बोलकी नावं. बोलकी सगळी 'रेफरन्स' करा, मुकी साधी ठेवा, मग सॉफ्टवेअर चालवा. आता तेच गट उलटे उभे राहतील: बोलक्या फोल्डरातली प्रत ठेवलेली आणि 'नवीन २' मधली काढलेली. एकच फोटो दोन बोलक्या फोल्डरांत असेल तर तो दोन्हीकडे राहू द्या. वडिलांनी तो दोनदा ठेवला तर त्यालाही काही कारण असेल, आणि चार एमबीसाठी त्याच्याशी भांडायला नको. शेवटी डिलीट न करता 'मूव्ह' वापरा: सगळं 'काढलेले' नावाच्या फोल्डरमध्ये, मूळ पत्त्यासकट. पुढच्या दिवाळीपर्यंत तो फोल्डर तसाच राहू दे.

हे फोटोत टॅग किंवा माणसांची नावं घालायच्या आधी करायचं, नंतर नाही. फोटोत मथळा लिहिला किंवा एखाद्या प्रोग्रॅममध्ये तो आडव्याचा उभा केला की फाईल बदलते आणि ठसा जुळेनासा होतो. मग खरा डुप्लिकेटही सापडत नाही.

दुसरा प्रकार एकाच फोटोची लहान-मोठी रूपं, आणि यात सगळ्यांत जास्त व्हॉट्सॲप. कॅमेऱ्यातला १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० ठिपक्यांचा. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीनं गेला की तो साधारण १६०० बाय १२०० होतो, म्हणजे ठिपके सहा पटींहून कमी, आणि काढल्याची तारीख, कॅमेऱ्याचं नाव, सगळी आतली माहिती पुसलेली. फाईलच्या नावातली तारीख तो फोनवर आला किंवा गेला त्या दिवसाची. ठसा जुळत नाही म्हणून इथे 'सारखी दिसणारी चित्रं' शोधावी लागतात. त्याची एक रीत अशी की चित्र ९ बाय ८ ठिपक्यांचं करायचं, शेजारशेजारच्या ठिपक्यांत उजळ कोण ते बघायचं, आणि त्यातून ६४ होय-नाही उत्तरं मिळवायची. दोन फोटोंची उत्तरं जवळपास जुळली तर ते एकच असावेत. 'असावेत' असंच म्हणते, म्हणून इथे प्रत्येक गट डोळ्यांनी बघा. मोठी, आतली तारीख शाबूत असलेली प्रत ठेवा.

पण अख्खा व्हॉट्सॲप फोल्डर उडवू नका. सुप्रभात आणि दिवाळीच्या शुभेच्छा जातील हे खरं, पण त्याच फोल्डरात नागपूरच्या आत्यानं पाठवलेला आजोबांचा पिवळा पडलेला फोटोही असतो. मूळ कागद तिच्या कपाटात, तुमच्याकडे एवढीच प्रत. आतली माहिती दोघांचीही कोरी, यंत्राला फरक कळत नाही. तो फोल्डर माणसानंच चाळायचा. चहा घेता घेता रोज पाचशे फोटो होतात.

वडील पिकासा हा गुगलचा जुना फोटो प्रोग्रॅम वापरत असतील तर आणखी एक. पिकासात फोटो कापून किंवा उजळून सेव्ह केला की मूळ प्रत 'पिकासाओरिजिनल्स' नावाच्या लपलेल्या फोल्डरात ठेवलेली असे. पिकासा २०१६ मध्ये बंद झालं, पण ते लपलेले फोल्डर अजून जागच्या जागी आहेत. विंडोजमध्ये लपलेल्या फायली दाखवायचा पर्याय चालू करून बघा. कापलेल्या फोटोबाहेर उभं राहिलेलं कोणी तिथे सापडू शकतं.

तिसरा प्रकार डुप्लिकेट नव्हेच: एकाच क्षणाचे पाच फोटो. हे यंत्राला काढायला देऊ नका आणि आत्ता तुम्हीही काढू नका. ज्यात सगळ्यांचे डोळे उघडे तो चांगला, असं आज वाटतं. ज्यात आजी मान वळवून हसली तो आपण दहा वर्षांनी शोधतो. आवडलेल्याला तारे द्या, बाकीचे राहू द्या. जागा फार लागत नाही.

आता मांडणी. ती साधी ठेवा: वर्षाचा फोल्डर, आत '२०११-०५-१४ मोठीचं लग्न' असे प्रसंगांचे. वर्ष, महिना, दिवस या क्रमानं लिहिलं की संगणक आपोआप तारखेवार लावतो. आकडे इंग्रजी कीबोर्डचे, नाव खुशाल मराठीत. वडिलांचं मूळ नाव शब्दशः ठेवा, सुधारू नका. 'माई बरी झाल्यावर पर्वती' याच्या पुढे फक्त तारीख जोडा.

तारीख मात्र तपासून घ्या, कारण कॅमेऱ्याचं घड्याळ नेहमी खरं नसतं. एक्स्प्लोररमध्ये 'क्रिएटेड' दिसते ती तर कॉपी केल्याची तारीख, तिचा उपयोग नाही. खरी तारीख फोटोच्या आत, एक्झिफमध्ये असते. पण बॅटरी संपून घड्याळ १ जानेवारीवर गेलं असेल तर तीही खोटी. वडील अमेरिकेला भावाकडे गेले असतील आणि कॅमेरा भारतीय वेळेवरच राहिला असेल, तर कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात सकाळी आठचा नाश्ता रात्री साडेआठचा दिसेल. फरक बरोबर साडेबारा तासांचा. फोनचे फोटो मात्र तिथल्या वेळेचे, म्हणून दोन्ही एकत्र केले की सहल विस्कटते. त्या गठ्ठ्यात जिथे भिंतीवरचं किंवा स्टेशनातलं घड्याळ दिसतंय असा एक फोटो शोधा, फरक मोजा आणि 'एक्झिफटूल'नं सगळ्या गठ्ठ्याची वेळ एकदम सरकवा.

घड्याळच नसेल तर पुणं मदतीला येतं, आणि या कामात मी सगळ्यांत जास्त रमते. माझ्याकडे विसर्जन मिरवणुकीचा एक गठ्ठा आला होता, कॅमेऱ्याच्या मते १ जानेवारी २००८. गणपती जानेवारीत नसतात. गर्दीतल्या बऱ्याच जणांच्या तोंडावर मास्क होते. घरच्यांना वाटलं २०२०. पण २०२० मध्ये मिरवणूकच निघाली नव्हती. पुण्यात मास्क त्याआधी दिसले ते स्वाइन फ्लूच्या साथीत, ऑगस्ट २००९ मध्ये आणि त्यानंतरच्या आठवड्यांत. त्या वर्षीची अनंत चतुर्दशी ३ सप्टेंबरला होती. गठ्ठ्याची तारीख मिळाली. तुमच्या भागातही अशा खुणा आहेत. वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो ६ मार्च २०२२ ला सुरू झाली. पौड रोडच्या फोटोत खांब आहेत का, खांबांवर पूल आहे का, गाडी धावतेय का, यावरून अंदाज बांधता येतो. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडला, विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२० मध्ये. सण असेल तर जुनं कॅलेंडर काढा, तिथी चुकत नाही. दिवस नक्की कळत नसेल तर नुसतं वर्ष लिहून थांबा. खोटी नेमकी तारीख नको.

माणसांची नावं 'डिजिकॅम'मध्ये घाला. तेही मोफत आहे, चेहरे ओळखतं, आणि सेटिंगमध्ये सांगितलं तर नावं फोटोच्या फाईलमध्येच लिहून ठेवतं, मराठीतही. प्रोग्रॅमच्या पोटात राहिलेली नावं प्रोग्रॅमबरोबर जातात, पिकासाच्या वेळी अनेक घरांत हेच झालं.

हे सगळं व्हायला सहाएक महिने लागतील, आणि लागू द्यात. एका गोष्टीसाठी मात्र थांबू नका. आई आहेत ना घरी? मग डुप्लिकेट निघायच्या आधीच, येत्या रविवारी लॅपटॉप टीव्हीला जोडा आणि 'सातारा शेवटची भेट' हा फोल्डर त्यांच्यासमोर उघडा. फोनवर रेकॉर्डिंग चालू करून ठेवा. त्या बोलतील तसं बोलू द्या, मध्ये क्रमांक विचारू नका, तुम्हीच हळू आवाजात फोटोचा नंबर म्हणत जा म्हणजे नंतर जुळवता येईल. पंचवीस फोटो पुरे एका बैठकीला. रेकॉर्डिंगची फाईल त्याच फोल्डरात, त्याच नावानं ठेवा. आणि दोन्ही जुन्या डिस्कची तब्येत काय दिसते ते मला कळवा, पुढचा क्रम त्यावर ठरेल.